गाठ फोडली की गुलाबी

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या विषयाबद्दल बोलणार आहे, त्याच्या नावालाच आमच्या वर्गात पहिल्या दिवशी हशा पिकला होता. बायोइनऑरगॅनिक केमिस्ट्री. मराठीत म्हणायचं तर जैव-असेंद्रिय रसायनशास्त्र, म्हणजे सजीवांच्या शरीरातल्या धातूंचं रसायन. जैवही आणि असेंद्रियही! मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, ही तर उपासाची मिसळ झाली.” सर शांतपणे म्हणाले, “मिळते ना उपासाची मिसळ? मग बसा खाली.”

ही 1998 सालची गोष्ट. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, विषय असेंद्रिय रसायन. आमच्यातल्या निम्म्याअधिक मुलांनी बारावीला जीवशास्त्र सोडून गणित घेतलेलं. बेडूक कापायचा नाही म्हणून गणित घेतलं, असं उघड सांगणारीही त्यात होती. आणि आता पुन्हा पेशी, प्रथिनं, रक्त! त्यामुळे बऱ्याच जणांनी हा भाग सरळ ऑप्शनला टाकला. ज्यांनी टाकला नाही, त्यांनी झेरॉक्स नोट्स पाठ केल्या. कोणत्या प्रथिनात कोणता धातू, त्याचं काम काय, असा तक्ता. कार्बोनिक अनहायड्रेजमध्ये जस्त, हिमोसायनिनमध्ये तांबं, हरितद्रव्यात मॅग्नेशियम. पेपर झाला की तक्ता डोक्यातून साफ. गेली अनेक वर्षं मी हाच विषय शिकवते आणि तो तक्ता अजून जिवंत आहे. फक्त झेरॉक्सच्या जागी आता पीडीएफ आली.

माझी त्या तक्त्याशी जुनी अदावत आहे, कारण त्यात रंग नसतो. असेंद्रियवाल्यांना रंग कळतो हो! सॉल्ट अ‍ॅनालिसिस करून आमची बोटं डागाळलेली असतात. तांब्याच्या द्रावणात अमोनिया घातला की जो गर्द निळा येतो, तो पाहूनच कितीतरी मुलं या शाखेत राहतात. मग रक्त लाल का, हा प्रश्न आमचाच नव्हे का?

आमच्या सरांनी हिमोग्लोबिन शिकवलं ते असं. चार नायट्रोजनांची एक चौकट, मध्ये भोक, त्या भोकात लोहाचा एक अणू. प्राणवायू नसतो तेव्हा या लोहाचे चार इलेक्ट्रॉन सुटे असतात आणि तो अंगाने जरा जाड असतो. भोकात मावत नाही, चौकटीच्या थोडा वर बसतो. किती वर? साधारण 0.4 अँगस्ट्रॉम. एका मिलिमीटरचे अडीच कोटी भाग केले, तर त्यातला एक. प्राणवायू येऊन चिकटला की इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसतात, लोह बारीक होतो आणि टुपकन भोकात उतरतो. उतरताना त्याला धरून असलेलं हिस्टिडिन, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल, खाली ओढलं जातं, हिस्टिडिनबरोबर प्रथिनाची साखळी हलते आणि त्याच हिमोग्लोबिनमधल्या शेजारच्या तीन लोहांना वर्दी जाते. मग त्यांना प्राणवायू पकडणं सोपं होतं.

सर हे हाताने दाखवत होते. डाव्या हाताची मूठ वर, उजवा पंजा खाली. बी.एस्सी.ला आम्ही हाय स्पिन, लो स्पिनची, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन जास्त की कमी याची, गणितं रतीब घातल्यासारखी सोडवली होती. चार सुटे इलेक्ट्रॉन, म्हणून चुंबकीय आघूर्ण 4.90, पुढचं गणित. तो आकडा माझ्या छातीत, दर श्वासाला खालीवर होतोय, हे मला त्या तासाला पहिल्यांदा कळलं. माझ्या शेजारच्या मैत्रिणीने तर नकळत नाडीवर बोट ठेवलं होतं.

पुढच्या तासाला भांडण झालं. 1936 साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी दाखवून दिलं, की प्राणवायू नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं आणि प्राणवायू घेतलेलं ओढलं जात नाही. आता गंमत बघा. एकटा लोह चुंबकाकडे जातो, एकटा प्राणवायूही जातो आणि दोघं एकत्र आले की दोघंही जात नाहीत. मग लोहाची ऑक्सिडेशन स्टेट, म्हणजे त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले तो आकडा, दोन म्हणायची की तीन? पॉलिंग यांचं म्हणणं दोन. 1964 मध्ये वाइस यांनी तीन सांगितली: लोह एक इलेक्ट्रॉन प्राणवायूला देतो आणि प्राणवायू सुपरऑक्साइडसारखा, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा घेऊन, बसतो. वर्गात सरळ दोन तट पडले. परीक्षेत काय लिहायचं, असं आम्ही विचारलं, तर सर म्हणाले, “जे लिहाल ते का, तेही लिहा.” पाठांतरवाल्यांचे चेहरे पडले.

याच लोहाला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरची बातमी येते, त्यामागे हेच असतं. मी हा मुद्दा शिकवते तेव्हा खिडकीबद्दल दोन वाक्यं जास्त बोलते, अभ्यासक्रमात नसली तरी.

बी-बारा जीवनसत्त्व आणि सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचं प्लॅटिनमचं औषध, हे मुलांचे लाडके विषय. बी-बाराच्या गोळीच्या पाकिटावर ‘मेथिलकोबालामिन’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘कोबाल’ म्हणजे कोबाल्ट. डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना 1956 मध्ये उलगडली आणि 1964 चं नोबेल त्यांना मिळालं. हे सांगितलं की शाकाहारी घरांतली निम्मी मुलं म्हणतात, “आईला इंजेक्शन चालू आहे, लाल असतं.” तो लाल रंग त्या कोबाल्टच्या संयुगाचाच. सिसप्लॅटिनच्या तासाला मात्र मी सांभाळून बोलते. वर्गात कुणाच्या घरी केमो चालू असेल, सांगता येत नाही.

प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायनिनचा किस्सा मालवणकडच्या एका मुलाचा. तांबं एक-धन असताना रंगहीन, प्राणवायू घेतला की दोन-धन आणि निळं, असं मी फळ्यावर लिहीत होते. तो उठून म्हणाला, “मॅडम, म्हणजे कुर्ल्या साफ करताना निळसर पाणी दिसतं, ते रक्त?” हो, तेच. त्या वर्षी हिमोसायनिन कुणी ऑप्शनला टाकलं नाही.

आता नायट्रोजिनेज, म्हणजे हवेतला नायट्रोजन पकडणारं जिवाणूंमधलं प्रथिन. हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करायला कारखान्यात चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि दीडशेपट किंवा त्याहून जास्त वातावरणाचा दाब लागतो. जिवाणू तेच काम शेतातल्या मातीत, साध्या तापमानाला करतो. त्याच्याकडे सात लोह, एक मॉलिब्डेनम आणि नऊ गंधकांचा एक गुच्छ आहे. माझ्या 1998 च्या वहीत त्या गुच्छाच्या मधोमध रिकामी जागा काढलेली आहे, कारण तेव्हा तसंच दिसत होतं. पुढे तिथे एक अणू असल्याचं लक्षात आलं आणि 2011 मध्ये तो कार्बन ठरला. ती वही मी दरवर्षी वर्गात फिरवते. पेन्सिलीने नंतर भरलेला ‘सी’ मुलं बोट लावून बघतात.

या धड्यावर लातूरकडच्या एका मुलीचा सेमिनार होता. बुजरी मुलगी, इंग्रजीची धास्ती. स्लाइड लावायच्या आधी तिने ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं सोयाबीनचं रोप टेबलावर ठेवलं, मुळांसकट. मुळांवर मुगाएवढ्या गाठी, ते जिवाणू राहतात त्या. तिने नखाने एक गाठ फोडली, आतून गुलाबी निघाली. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्याच जातीच्या लोहाचा. नायट्रोजिनेजला प्राणवायू सोसत नाही, म्हणून हे प्रथिन तो आधीच धरून ठेवतं आणि जिवाणूला श्वासापुरता पुरवतं. सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. दुसरी गाठ फोडली, तीही गुलाबी. तिसरी पांढरी.

“ही अशी का?” कुणीतरी विचारलं.

ती म्हणाली, “ही कामाची नाही. बाबा पेरणीनंतर महिन्या-सव्वा महिन्याने गाठी फोडून बघतात. पांढऱ्या जास्त निघाल्या, की पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू नीट चोळायचे म्हणतात. गुलाबी का असते, ते त्यांना मी परवा फोनवर सांगितलं.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, रोप उपटलंस कशाला?”