कडी कोणत्या बाजूला?

नमस्कार श्रोतेहो,

आज आधी एका बेटाची गोष्ट सांगते. नकाशात हे बेट सापडायचं नाही, कारण ते थॉमस मोर नावाच्या इंग्रज गृहस्थाने कल्पनेतून उभं केलं. 1516 साली त्याचं ‘युटोपिया’ हे लॅटिन पुस्तक छापलं गेलं, त्यातलं हे बेट. तिथे 54 शहरं आहेत. कुणी उपाशी झोपत नाही. कामाचे तास दिवसाला सहा. सोन्याची किंमत इतकी उतरलेली, की त्याची लघवीची भांडी करतात. आणि घरांना कुलपं नाहीत. दार हाताने ढकललं की उघडतं, आपलं आपण मिटतं. ज्याला वाटेल त्याने आत यावं. कुणाचं खासगी असं काही नाहीच, मग चोरायचं काय? घरंसुद्धा दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून बदलतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या लोकांचा हेवा वाटला. रात्री कडी लावल्याची दोनदोनदा खात्री करणारी मी! कुलूपच नको असलेला समाज, यापरतं सुख कोणतं?

पण त्याच पुस्तकात जरा पुढे गेलं की वेगळंच काही दिसतं. या बेटावर दुसऱ्या शहरी जायचं तर परवानगी काढावी लागते. सोबत पत्र मिळतं, त्यात परतण्याचा दिवस लिहिलेला असतो. पत्राशिवाय हद्दीबाहेर सापडलात तर पळपुटा म्हणून धरून आणतात आणि कडक शिक्षा करतात. पुन्हा तोच गुन्हा केला तर गुलामी. चार माणसांनी गुपचूप भेटावं असा कोपरा कुठे नाही, सगळे कायम सगळ्यांच्या नजरेसमोर. आणि सार्वजनिक कारभाराची खलबतं ठरलेल्या सभेबाहेर केली तर देहदंड.

म्हणजे कुलूप गेलेलं नाहीच. घराच्या दारावरून काढून ते वेशीला लावलं आहे.

मोरला हा समाज खरोखर आदर्श वाटत होता का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला मात्र त्याच्या मरणाची हकीकत विसरता येत नाही. राजा आठवा हेन्री इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा प्रमुख झाला, तेव्हा ते मान्य असल्याची शपथ मोरने घेतली नाही. विरोधाचं भाषणही केलं नाही. तो गप्प राहिला. मनात काय आहे ते सांगायचं नाही, एवढंच त्याने धरून ठेवलं. 1535 साली त्याचा शिरच्छेद झाला. बिनकुलपाच्या घरांचं बेट रचणारा माणूस स्वतःच्या मनाचं दार बंद ठेवण्यासाठी मेला.

आता भीतीची बाजू. तिला नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. थॉमस हॉब्ज हा विचारवंत 1588 साली जन्मला. स्पेनचं आरमार चालून येतंय या धास्तीने आपल्या आईला अवेळी कळा सुरू झाल्या, भीती आणि मी जुळी भावंडं आहोत, असं त्याने स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे. पुढे त्याच्या देशात, इंग्लंडमध्ये, यादवी युद्ध पेटलं. 1651 साली ‘लेव्हायथन’ या पुस्तकात त्याने मांडलं, की माणसांनी आपापलं बळ एका सत्तेच्या हाती सोपवावं, नाहीतर जो तो एकमेकांच्या जिवावर उठेल. ज्याने रात्री दारावर धडका ऐकल्या आहेत, त्याला हे पटायला वेळ लागत नाही. पण त्याच हॉब्जने एक गोष्ट सोपवण्यातून वगळली. ती सत्ता तुमचाच जीव घ्यायला आली, तर तिला प्रतिकार करण्याचा हक्क माणसापाशी राहतोच, असं त्याने म्हटलं आहे. भीतीच्या या जुळ्या भावानेही थोडं काही मागे ठेवलंच.

हे सगळं पुस्तकातलं झालं. मला ते कळलं आमच्या घरात.

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला. आधी नावं गेली, मग रस्ते. एकदा ते पहाटे घराबाहेर पडले आणि दोन तास सापडले नाहीत. त्या दोन तासांत माझं काय झालं ते सांगत बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. माझ्या मते ते प्रेमच होतं, आजही मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

त्या रात्री आतून आवाज आला. धडका नव्हेत, बोटाच्या पेराने टकटक. परक्याच्या घरी आपण करतो तशी, अदबीने. मी दार उघडलं. बाबा उभे होते, अंगात सदरा, गुंड्या वरखाली लागलेल्या. म्हणाले, “बाहेरून कडी कुणी लावली?”

मी म्हटलं, “मी लावली, बाबा. तुम्ही हरवाल म्हणून.”

ते बराच वेळ त्या कडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग मला विचारायचंस तरी.”

त्यांना विचारून उपयोग काय, दहा मिनिटांत विसरणार, असंच मी धरून चालले होते. कुठलीही सत्ता असंच धरून चालते, नाही का? लोकांना कळत नाही, त्यांच्या भल्याचं आपणच बघावं. त्या एका वाक्यापुढे मला उत्तर सुचलं नाही.

प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकात संकट आलं की एका माणसाच्या हाती सगळी सत्ता देत, त्याला डिक्टेटर म्हणत. पण त्याला मुदत असे, जास्तीत जास्त सहा महिने. इसवी सनपूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझर तहहयात डिक्टेटर झाला आणि ती मुदतच पुसली गेली. आधीच्या व्यवस्थेत मला शहाणपण दिसतं ते याच मुदतीत. कडी लावताना ती कधी निघणार हे ठरवलं होतं का? मी ठरवलं नव्हतं.

आम्ही ती कडी काढली. दाराला घुंगरू बांधलं, उघडलं की वाजेल असं. बाबांच्या खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली, शेजाऱ्यांना सांगून ठेवलं. रोज संध्याकाळी मी किंवा माझा भाऊ त्यांच्याबरोबर चालायला जाऊ लागलो, रस्ता ते ठरवतील तो. धोका संपला नाही. ते आणखी एकदा हरवले, एक तास. त्या तासात मला ती कडी हवीशी वाटली, हे कबूल करते. कुणीतरी चिठ्ठी वाचून फोन केला. मी धावत पोचले तेव्हा ते एका बाकावर शांत बसले होते. मला बघून थोडे सरकले आणि शेजारी जागा करून दिली.