जखम वाळू द्यायची की नाही?

इंदूरकर श्रोतेहो, नमस्कार.

ड्रेसिंगला बसलेला पेशंट हमखास विचारतो, "डॉक्टरसाहेब, सगळ्यात चांगली पट्टी कोणती?" तशी कुठलीच नाही. जखम ओली आहे की कोरडी, हे आधी पाहायचं. पट्टी त्यावरून ठरते.

"उघडी ठेवा, हवा लागू द्या, खपली धरेल." राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत घरोघरी हाच सल्ला. पण 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडीपेक्षा सुमारे दुप्पट वेगानं नवी त्वचा धरते. ओलाव्यात नव्या पेशी सहज सरकतात. खपली असली की तिच्या खालून वाट काढावी लागते.

कोरडं गॉज, म्हणजे पट्टीचं जाळीदार सुती कापड, जखमेला चिकटतं. दुसऱ्या दिवशी ते ओढलं की पेशंट कळवळतो, आणि गॉजला बारीक लालसर दाणे लागून येतात. ती घाण नव्हे, भरत आलेलं मांस आहे ते! चिकटलंच तर सलाइननं भिजवा, थोडं थांबा, मग सोडवा. पॅराफिन लावलेली जाळी सहसा इतकी चिकटत नाही.

जखम खूप पाझरत असेल तर फोम, म्हणजे स्पंजासारखी पट्टी, किंवा अल्जिनेट. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून बनतं आणि पाझर शोषून त्याचं जेल होतं. कडेची त्वचा खूप वेळ धुणं धुतलेल्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली दिसली, तर पट्टी कमी पडतेय. जखम कोरडी असेल तर हायड्रोजेल, म्हणजे ओलावा देणारं पाणीदार जेल. स्वच्छ, कमी पाझरणाऱ्या जखमेला हायड्रोकोलॉइड, म्हणजे त्वचेला चिकटून बसणारी हवाबंद पट्टी. ते काढताना पिवळट, वास येणारा द्रव दिसतो आणि घरचे घाबरतात. बहुतेक वेळा तो पू नसतो, पट्टीच विरघळलेली असते. जंतुसंसर्ग असेल तर मात्र अशी हवाबंद पट्टी नको.

चांदीचा अंश असलेली, जंतू मारणारी महागडी पट्टी सरसकट लिहून देणं मला पटत नाही. संसर्गाची लक्षणं असतील तरच ती. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून बरं वाटतं खरं, पण त्यात नव्या पेशीही मरतात.

एक अपवाद. मधुमेहात पायाचं बोट काळं, कोरडं पडलं असेल तर ते ओलं करू नका. आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. आणि तळव्यावरच्या जखमेवर चालत राहिलात, तर कितीही भारी पट्टी लावा, दाबामुळे ती भरणार नाही. लाली पसरू लागली, ताप आला, तर पुढच्या ड्रेसिंगची तारीख पाहत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.