चौतीस दात्यांवरचा भार

(दृश्य: तळहातावर जुनी चेनरिंग, म्हणजे पेडलांपाशी चेन ओढणारी दात्यांची चकती, अगदी जवळून)

हा दाता बघा. नवा होता तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखा, वरून किंचित चपटा होता. आता एका अंगाने खरवडून निघालाय, टोक वाकून आकड्यासारखं झालंय. बोट फिरवलं तर नख अडकतं. शेजारचा तसाच, त्याच्या पुढचाही तसाच.

बहुतेक इलेक्ट्रिक माउंटन बाइकची मोटर पेडलांच्या मधोमध बसते, आणि तिची ताकद मागच्या चाकाकडे जाते ती या एकाच चकतीवरून. आपल्या पायांचा जोरही इथूनच जातो. वेगळी वाट नाही.

थोडा हिशेब करू. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर. चौतीस दात्यांच्या रिंगची त्रिज्या साधारण 69 मिलिमीटर येते. आजच्या बऱ्याच मोटरी 85 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतात. म्हणजे एकटी मोटरच चेनला सव्वाशे किलोच्या वजनाइतकी ओढते. त्यात 70 किलोचा स्वार 165 मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, उभा राहिला, की आणखी 168 किलोंची भर. दोन्ही मिळून जवळजवळ तीनशे किलो! आणि हा भार सगळ्या दात्यांवर सारखा वाटला जात नाही. वरच्या बाजूला, जिथे ताणलेली चेन रिंगवर येते, तिथले दोन-चार दातेच तो सर्वाधिक सोसतात.

(दृश्य: ब्रशने चेन धुताना, काळं पाणी)

हे पाणी दोन बोटांत चोळून बघा. तेल आहे, माती आहे, आणि धातूची पूड आहे. चिखलातल्या प्रत्येक फेरीत हे मिश्रण दात्यांना सहाणेसारखं उगाळत असतं.

(दृश्य: बाकावर दोन नव्या रिंगा, मेकॅनिकच्या हातात लोहचुंबक)

चुंबक पहिल्या रिंगजवळ नेला, काही झालं नाही. ही अॅल्युमिनियमची, बहुधा 7075 नावाच्या मिश्रधातूची. हलकी, देखणी, रंगीत. दुसऱ्या रिंगला चुंबक खट्कन चिकटला. ही स्टीलची.

स्टील जवळजवळ तिप्पट जड. प्रत्यक्ष रिंगमध्ये फरक पडतो शंभरेक ग्रॅमचा. ज्या बाइकचं वजनच वीस किलोच्या पुढे आहे आणि चढ चढवायला मोटर आहे, तिथे या शंभर ग्रॅमसाठी अॅल्युमिनियम घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. बिनमोटरच्या शर्यतीच्या सायकलची गोष्ट वेगळी. इथे स्टीलच घ्या, शक्यतो कठीण केलेलं. त्यावरचा काळा रंग दात्यांवरून लवकर उडतो, खाली धातू चमकायला लागतो; ती झीज नव्हे. पावसातून आल्यावर पुसून ठेवा, एवढंच.

(दृश्य: रिंग वरून, हळूहळू फिरताना)

दाते वरून बघितले की एक जाड, एक बारीक, पुन्हा जाड, पुन्हा बारीक. चेनमध्येही कड्या तशाच आलटून पालटून असतात: आतली कडी अरुंद, बाहेरची रुंद. बारीक दाता अरुंद कडीत, जाड दाता रुंद कडीत. म्हणून खडकांवर आदळतानाही चेन सुटत नाही. 2012 साली स्रॅम या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीने पुढे एकच रिंग असलेल्या एक्सएक्स वन गिअर संचात ही रचना आणली आणि माउंटन बाइकवरचा पुढचा गिअर बदलणारा भाग हळूहळू नाहीसा झाला. जोडी जुळायला हवी, म्हणून अशा रिंगांचे दाते सम संख्येत असतात.

रिंग मोटरवर कशी बसते हे मोटरनुसार बदलतं. बॉशच्या 2014 च्या पिढीत रिंग लहानशी होती आणि पेडलच्या एका फेरीत अडीच वेळा फिरायची. ती त्यानंतरच्या पिढ्यांच्या मोटरींना चालणार नाही. चेनलाइनही, म्हणजे बाइकच्या मध्यरेषेपासून रिंगचं अंतर, बघा, 52 की 55 मिलिमीटर. रिंग उलटी बसवली तरी काही मिलिमीटर इकडे-तिकडे होतात आणि चेन तिरकी ओढायला लागते.

(दृश्य: चेनमापक कडीत उतरताना)

चेन अर्धा टक्का लांबली, म्हणजे दहा पिनांमागे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, की ती बदलायची. अशा चेनने नव्या रिंगचं आयुष्य खाल्लंच म्हणून समजा. आणि झिजलेल्या दात्यावरून चढावर चेन घसरली, तर स्वार हँडलवर आदळतो.

(दृश्य: स्टँडवर बाइक, नवी रिंग बसलेली)

बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. चेन चढवली, पण ती दात्यांवर उंच बसलीय. जाड दाता अरुंद कडीखाली आला. मेकॅनिक चेन उचलतो, एक दाता पुढे सरकवतो, पेडल हाताने फिरवतो.

आता ऐका.

(चेन खाचांत बसल्याचा आवाज)