सेंट थॉमस कॅथेड्रल: चार दशकं रखडलेलं बांधकाम

(दृश्य: हॉर्निमन सर्कलची झाडं, त्यांच्यावर डोकावणारा मनोरा)

फोर्टात वीर नरिमन रोडवर हा मनोरा दिसतो. सेंट थॉमस कॅथेड्रल, मुंबईतलं पहिलं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचं, चर्च. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इकडे वाट यायची, त्याला चर्चगेट म्हणत. दरवाजा तटबंदीबरोबर गेला, नाव रेल्वे स्टेशनला लागलं.

(दृश्य: बाहेरच्या भिंती, जवळून)

या भिंतींची सुरुवात मात्र फार मागची आहे. १६७६ साली गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने इथे पाया घातला. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती येऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी ऑंजियर सुरतेत वारला आणि भिंती साधारण १५ फुटांवर अडल्या. मग जंजिऱ्याचा सिद्दी चालून आला. बेटाचा बराच भाग वर्षभर त्याच्या ताब्यात होता, किल्ला वाचवता वाचवता इंग्रजांच्या नाकी नऊ आले. चर्चकडे बघायला फुरसत कुणाला? प्रार्थना किल्ल्यातल्या एका खोलीत उरकली जाई आणि इकडे अर्धवट भिंती पावसाळ्यामागून पावसाळे खात उभ्या होत्या.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब हा पाद्री मुंबईत आला. त्याने प्रवचनातूनच वर्गणीची हाक दिली. पाठोपाठ आलेला गव्हर्नर चार्ल्स बून त्याच्या पाठीशी उभा राहिला. १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्चचे दरवाजे उघडले. एका माणसाने चिकाटीने मागे लागावं आणि गावाने खिशात हात घालावा, तेव्हा कुठे हे छप्पर चढलं.

(दृश्य: आतून वर, छताकडे)

आणि छप्परही कसलं! वरून तोफगोळा पडला तरी तग धरेल, अशा बेताने बांधलेलं. समोरचा समुद्र तेव्हा शत्रूचाही रस्ता होता.

१८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला, चर्चचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं, लगेच हा उंच घड्याळाचा मनोरा चढला. १८६० च्या दशकात कापसाच्या पैशावर मोठा विस्तार आखला होता. शेअर बाजार कोसळला, वेदीकडचा भाग तेवढा पुरा झाला.

(दृश्य: अंगणातलं कारंजं)

कारंज्याचा आराखडा लंडनचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा, पैसा कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराचा.

(दृश्य: संगमरवरी स्मारकं, सावकाश)

इथे कॅमेरा रेंगाळतो, कारण असं संगमरवरी काम मुंबईत एका छताखाली क्वचितच बघायला मिळतं. हे गव्हर्नर जोनाथन डंकनचं स्मारक. काशी आणि काठेवाडातली बालहत्या त्याने बंद केली, असं त्यावर कोरलंय. काठेवाडात ती पुढेही चालू राहिली, पण तिच्याविरुद्ध उभं राहणाऱ्यांत तो सुरुवातीचा होता. पलीकडे ब्रिटिश आरमारातल्या कॅप्टन हार्डिंजचं. १८०८ साली फ्रेंच जहाजाशी लढताना ऐन तारुण्यात पडला.

(दृश्य: स्वच्छ केलेली दर्शनी बाजू)

वास्तूचं जतन नीट झालं, २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

(दृश्य: फुटपाथवरचा काळा मैलाचा दगड)

एके काळी मुंबईतली अंतरं याच चर्चपासून मोजत. रोमन आकडे कोरलेले ते बेसॉल्टचे दगड रस्त्यांच्या भरावात गाडले गेले होते. पालिकेने काही उकरून पुन्हा उभे केलेत. बाकीचेही शोधायला हवेत, आणि ते काम लवकर व्हायला हवं, कारण फुटपाथ अजूनही खणले जाताहेत.