तांबेकरांच्या माडीवर: बडोद्यातला पहिला दिवस

[दृश्य: बडोदा स्टेशन, पहाट]

सोलापूरची एक मुलगी, पाठीवर एकच सॅक. सोलापूरहून मुंबई, मुंबईहून रात्रीची गाडी. बडोद्यात ओळखीचं कोणी नाही, आणि दांडिया बाजारातली खोली बारा वाजल्याशिवाय मिळणार नाही. मग ती चालायलाच लागते.

[दृश्य: घुमट]

हे बडोदा कॉलेज. 1881 साली सुरू झालेलं, आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग. इमारतीचा आराखडा रॉबर्ट चिझम यांचा. विजापूरचा गोल घुमट शाळेच्या सहलीत पाहिलेली ही मुलगी इथे बराच वेळ मान वर करून उभी राहिली. आम्हीही कॅमेरा हलवला नाही.

[दृश्य: कमाटी बाग]

सयाजीबाग, 1879. बडोदेकरांची कमाटी बाग. शेजारून विश्वामित्री वाहते. तिच्यात मगरी आहेत, खऱ्या, तेव्हा काठावर उतरायचं नाही. बागेतली ही जागा म्हणजे संकल्पभूमी. 1917 साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले. अमेरिकेतलं शिक्षण याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर झालेलं. पण शहरात राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून काही दिवस काढले, तिथूनही हाकललं, आणि मुंबईची गाडी येईपर्यंत ते या बागेत बसून राहिले.

तिची खोली आधार कार्डाच्या फोटोवर ठरली होती.

[दृश्य: रिक्षा, दांडिया बाजार]

रिक्षावाला गुजरातीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि 'दांडिया बाजार' ऐकल्याबरोबर तो मराठीत भाडं सांगतो. खानावळीतल्या आजींचा पहिला प्रश्न, "कुठली गं तू?" सोलापूरची म्हटल्यावर, "एकटीच? बरं. आधी जेव." आमटी गोडसर होती. सोलापूरच्या जिभेला ती कशी लागली, ते चेहऱ्यावर दिसतंयच.

[दृश्य: तांबेकर वाडा, जिना, माडी]

आता सावकाश पाहा. हा रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. आज भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. रस्त्यावरून पाहिलं तर एक जुना लाकडी वाडा, इतकंच. अशा वाड्यांसमोरून आपण रोज जातो. जिना अरुंद, लाकडी, एका वेळी एकानेच चढायचा. माडीवर पोचलं की भिंत रिकामी सापडत नाही. खांब, कमानी, छत, दोन खिडक्यांमधली वीतभर जागासुद्धा रंगवलेली. कृष्णलीला आहे, महाभारतातले प्रसंग आहेत, आणि मराठे-इंग्रजांची लढाईही आहे. चित्रकारांनी देव आणि फौजा एकाच हौसेने काढल्यात. काही चेहरे पुसट झालेत, पोपडे सुटलेत. तिने मोबाइलचा टॉर्च लावला नाही, खिडकीतून येणाऱ्या उजेडावरच एकेक चित्र पाहिलं. त्यामुळे आमचं चित्रण थोडं काळोखं आहे; चालेल.

बडोदा म्हणजे लक्ष्मी विलास पॅलेस, असं सांगणाऱ्यांना आमचं एवढंच म्हणणं: आधी या माडीवर चढा.

[दृश्य: मध्यवर्ती ग्रंथालय]

मांडवीकडे जाताना हे मध्यवर्ती ग्रंथालय. कपाटं पोलादी, आणि मजल्यांच्या जमिनी चक्क काचेच्या, जाड, दुधी. वरचा उजेड झिरपत खालच्या पुस्तकांपर्यंत येतो. वरून कोणी चाललं की खाली उभ्या माणसाला तळव्यांची सावली दिसते. हिने दोनदा वर पाहिलं.

याच्यामागचा माणूसही इथे नवखाच आला होता. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ, 1875 साली दत्तक घेऊन गादीवर बसवलेला. पुढे सयाजीराव महाराज. 1906 साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग शिकलेल्यांनी वाचायचं काय? त्यासाठी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावलं. गावोगावी पेट्यांतून फिरती वाचनालयं गेली. महाराजांचा स्वतःचा पुस्तकसंग्रह या ग्रंथालयात आला. पुढे संस्थानं विलीन झाली, ग्रंथालय सरकारकडे गेलं.

[दृश्य: मांडवी, चार रस्ते]

जुन्या शहराच्या मधोमध मांडवी, चारी दिशांना चार दरवाजे: लहेरीपुरा, चांपानेर, पाणीगेट, गेंडीगेट. रस्ता चुकलात तर मांडवी विचारायची, बस. ती विचारत विचारतच फिरली.

[दृश्य: सूरसागर, संध्याकाळ]

सूरसागर. मध्ये शंकराची सोनेरी मूर्ती, काठावर बडोदेकर हवा खायला. हिच्या हातात सेवउसळ: वाटाण्याची उसळ, वर मूठभर शेव, कांद्याची पात, बाजूला पाव. दुपारच्या आमटीची भरपाई म्हणून तिने तिखट तरी दोनदा मागून घेतली.

उद्या चांपानेर गाव. सुमारे पन्नास किलोमीटर, 2004 पासून जागतिक वारसा यादीत. बस सकाळची आहे. लक्ष्मी विलास परवा, वेळ उरला तर.