लंगडं पिल्लू आणि कॅल्शियमची बाटली

(मुरबाड येथे कुक्कुटपालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पिल्लं पायावर बसायला लागली की आपला हात आधी कॅल्शियमच्या बाटलीकडे जातो. टाकीत ओतायचं आणि दोन दिवस वाट बघायची. मुरबाड-शहापूरच्या शेडांमध्ये मी हे वर्षानुवर्षं बघतोय. आज याच सवयीवर बोलायचं आहे.

आपल्याकडे येणारं ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवायचं पिल्लू ४०-४५ ग्रॅमचं असतं आणि सहा आठवड्यांच्या आत ते दोन किलोच्या पुढे जातं. मांस झपाट्याने चढतं. ते तोलणारं हाडही तेवढ्याच दिवसांत घडावं लागतं, आणि ते एकट्या कॅल्शियमने घडत नाही. सोबत फॉस्फरस लागतो, तोही प्रमाणात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या कोष्टकात पहिल्या तीन आठवड्यांसाठी १ टक्का कॅल्शियम आणि ०.४५ टक्के उपलब्ध फॉस्फरस दिला आहे, म्हणजे साधारण दोनास एक.

आता गंमत बघा. मका आणि सोयापेंडीत फॉस्फरस भरपूर असतो, पण त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग फायटेट नावाच्या संयुगात बांधलेला. कोंबडीच्या आतड्यात ती गाठ सोडवण्याची ताकद फार कमी. म्हणून खाद्यात ती गाठ सोडवणारं विकर फायटेज आणि फॉस्फरस देणारं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालतात. त्यावर तुम्ही आणखी कॅल्शियम ओतलंत, की ते फायटेटला जाऊन चिकटतं, न विरघळणारा साका होतो आणि जस्तसुद्धा त्यात अडकतं. हाडासाठी दिलेलं औषध हाडाच्याच मुळावर येतं.

शिवाय प्रत्येक लंगडेपणा कॅल्शियमचा नसतो. घोट्याचा सांधा सुजलेला, मागची जाड शीर (म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी कंडरा) खोबणीतून सरकलेली, पाय एका बाजूला फिरलेला दिसला, तर मँगनीजचा विचार करा. किलो खाद्यात ते ६० मिलिग्रॅम लागतं. कूर्चा घडायला ते हवंच. कोलीन किंवा बायोटिन ही पोषकद्रव्यं कमी पडली तरी असंच चित्र दिसतं. एकदा सरकलेली शीर मात्र कुठल्याही बाटलीने जागेवर येत नाही. म्हणून काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची.

जस्ताकडे पिसांसाठी आणि तळव्यांसाठी लक्ष द्या. सेलेनियम तर टनभर खाद्याला ०.१५ ग्रॅम पुरतं, आणि गरज व विषबाधा यांतलं अंतर थोडं. घरी खाद्य बनवणाऱ्यांनी ते मुठीच्या अंदाजाने कधीच मिसळू नये. प्रीमिक्स, म्हणजे मोजून तयार केलेलं मिश्रणच वापरा.

मे महिन्यात पक्षी धापा टाकतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. अशा दुपारी पाण्यातून पोटॅशियम क्लोराइडसारखी क्षारं मोजून दिली तर उपयोग होतो. मीठ वाढवलं तर पक्षी जास्त पाणी पितो, विष्ठा पातळ होते, भाताच्या तुसाचं लिटर, म्हणजे जमिनीवरचं अंथरूण, भिजतं आणि तळवे फुटतात.

गेल्या पावसाळ्यात एका ताईंच्या शेडमध्ये पिल्लं बसली. खाद्याची पोती ओल्या भिंतीला टेकवलेली होती. दमटपणात ठेवलेल्या खाद्यातलं जीवनसत्त्व डी-३ उतरत जातं, आणि ते नसेल तर कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही. आम्ही पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब घेतली, खाद्य बदललं, तेव्हा नवीन पिल्लं बसायची थांबली.

म्हणून बाटली उघडण्याआधी पिल्लू हातात घ्या. नडगीचं हाड हलकेच वाकवून बघा, रबरासारखं लवतं का? चोच मऊ लागते का? घोटा तपासा, मग पोत्याखालची जमीन. काय दिसलं ते बॅचच्या कागदावर तारखेसह लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा; पाय संसर्गानेही जातात.