स्वयंपाकघरातल्या कपाटांना नवा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाचं बोलणं निघतं. भिंतींचं पटकन ठरतं. स्वयंपाकघरातल्या कपाटांचा विषय मात्र एक तर पुढे ढकलला जातो, नाहीतर सगळं काढून नवं मॉड्युलर किचन करू म्हणतात. आतलं प्लायवूड ठणठणीत असेल, दारं फुगलेली नसतील, तर एवढा खर्च कशाला? जुन्याच दारांना नवा रंग देता येतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. सागवानी दारं असतील, तर मात्र माझं आग्रहाचं सांगणं आहे, त्यांच्यावर रंग फासू नका. साफ करून पुन्हा पॉलिश करा.

शेगडीच्या वरच्या दाराची खालची कड बोटाने चाचपून पाहा. तेल, हळद आणि धूळ यांचा पिवळट चिकटा हाताला लागेल. मुठीभोवतीही तोच, कारण तिथे रोज कणकेचा, फोडणीचा हात लागतो. या चिकट्यावर कितीही भारी रंग लावा, काही महिन्यांत पोपडे सुटणारच. म्हणून या कामातला निम्मा वेळ धुण्याला द्या. रंगारी घाई करत असेल तरी द्या.

आधी सिलिंडर बाहेर ठेवा. टर्पेंटाइन आणि थिनरची वाफ पेट घेते. दारं उतरवा आणि बिजागरी बसते त्या जागी नंबर लिहा. तिथे रंग लागत नाही, त्यामुळे नंबर पुसला जात नाही. अर्धी बादली कोमट पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा घाला, हातमोजे चढवा आणि ओलसर फडक्याने घासा. पाणी ओतू नका, प्लायच्या कडा पाणी पितात. मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, कारण मागे राहिलेला सोडासुद्धा रंग धरू देत नाही. शेवटी ओला हात फिरवून बघा. पाणी थेंबाथेंबाने गोळा झालं, तर तेल अजून आहे. सारखं पसरलं, तर झालं.

दारं नीट वाळली की मगच पॉलिश पेपर. हा क्रम उलटा केला, तर तेल घासून घासून लाकडात मुरतं. १८० नंबरने सुरुवात करून २२० वर या. चकाकी गेली की पुरे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग असेल, तर तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, आणि लहान मुलांना, गरोदर बाईला त्या खोलीत फिरकू देऊ नका.

खड्डे लाकडाच्या पुट्टीने भरा. भिंतीची पुट्टी इथे टिकत नाही. मग प्रायमर. सनमायका असेल तर साधा वुड प्रायमर धरत नाही, गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा वेगळा मागून घ्या. त्यावर रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ येतात. पांढरा रंग हवा असेल, तर पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या. ऑइल पेंटचा पांढरा काळोखात पिवळा पडतो, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला उजेड असतोच कुठे? कुठलाही रंग पक्का करण्याआधी त्याचा नमुना दारावर लावून दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळी पाहा.

पाऊस सरल्यावरच काम काढा. दमट हवेत रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. हाताला कोरडा लागला तरी तो आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर दारं आपटू नका, कोपऱ्यांना रबराच्या छोट्या टिकल्या लावा आणि डाग पडलाच तर नुसत्या ओल्या फडक्याने टिपून घ्या.